विधिमंडळे व परराष्ट्रांविषयीची सहवेदना

एका देशात दहशतवादी हल्ला होऊन निरपराध माणसे मारली गेली असता दुसऱ्या देशाच्या संसदेने, किंवा संघराज्यातील एखाद्या घटक राज्याच्या विधिमंडळाने, त्या देशाशी ऐक्य प्रकट करणारा ठराव करणे, सभागृहात उभे राहून मौन पाळणे अथवा सदस्यांमार्फत सांत्वनाचा संदेश पोहोचविणे, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू रूढ झालेली व ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क-वॉशिंग्टन येथील हल्ल्यांनंतर सर्वत्र पसरलेली संसदीय प्रथा होय. अशा ठरावास कायद्याचे बळ नसते. त्याने कोणाचे हक्क निर्माण होत नाहीत की नष्ट होत नाहीत. तरीही त्याचे शब्द तोलूनमापून योजिले जातात, कारण दुःखाच्या प्रसंगी कोण बोलले व कोण गप्प राहिले याची नोंद राष्ट्रे दीर्घकाळ ठेवतात. महाराष्ट्रापुरते पाहता, ही प्रथा येथे मुख्यत्वे उलट दिशेने अनुभवास आली आहे : सहवेदना व्यक्त करणारे दूरचे आणि जिच्याविषयी ती व्यक्त झाली ती भूमी मुंबई व ठाणे परिसराची.

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत परराष्ट्रव्यवहार हा विषय दहाव्या क्रमांकावर असून, परदेशाशी संघराज्याचा संबंध आणणाऱ्या सर्व बाबी तीत समाविष्ट आहेत. त्यामुळे राज्य विधिमंडळास परराष्ट्रविषयक कायदा करता येत नाही. मात्र कायदा करणे वेगळे आणि मत व्यक्त करणे वेगळे. अनुच्छेद १९४ अन्वये राज्य विधिमंडळाच्या सदस्यांना सभागृहात भाषणस्वातंत्र्य आहे. ते घटनेच्या तरतुदी व सभागृहाचे नियम यांच्या मर्यादेत वापरावयाचे असते. शोकप्रस्ताव, शासकीय ठराव आणि अशासकीय ठराव हे तीन मार्ग व्यवहारात उपलब्ध असतात. पैकी शोकप्रस्ताव हा सर्वांत निरुपद्रवी व बहुधा सर्वांत प्रामाणिक मार्ग. त्यावर मतविभागणी होत नाही. गटनेते चार शब्द बोलतात, सदस्य स्तब्ध उभे राहतात व सभागृह पुढील कामकाजाकडे वळते अथवा तहकूब होते. ठरावाची गोष्ट निराळी. त्यात मागणी असते, आणि मागणी आली की केंद्र शासनाच्या धोरणाशी तिचा मेळ बसतो की नाही हा प्रश्न उभा राहतो. लोकसभेच्या नियमांत मित्रराष्ट्राचा अनादराने उल्लेख करणारा प्रश्न विचारता येत नाही, असे बंधन आहे; त्यामागचा विचार हाच की, सभागृहातील एका वाक्याची किंमत परराष्ट्र खात्याला मोजावी लागू नये.

या मर्यादेची कसोटी पाहणारे प्रसंग भारतात घडले आहेत. पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी सैन्याने मार्च १९७१ मध्ये हत्याकांड आरंभिले, तेव्हा ३१ मार्च रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मांडलेला ठराव संसदेने एकमताने संमत केला आणि तेथील जनतेच्या लढ्यास सहानुभूती व पाठिंबा जाहीर केला. मे महिन्यात पश्चिम बंगालच्या विधानसभेने त्यापुढे जाऊन बांगला देशाला मान्यता देण्याची मागणी केली. केंद्राने ती मान्यता ६ डिसेंबर १९७१ रोजी दिली. तमिळनाडू विधानसभेने श्रीलंकेतील तमिळांच्या प्रश्नावर जून २०११ मध्ये आर्थिक निर्बंधांची व मार्च २०१३ मध्ये सार्वमताची मागणी करणारे ठराव संमत केले. केंद्राने त्यांचा स्वीकार केला नाही. याच विधानसभेने एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंका आर्थिक अरिष्टात सापडली असता तेथील जनतेला अन्न व औषधे पाठविण्याची अनुज्ञा मागितली. दोन्ही ठरावांमागे समुद्रापलीकडील भाषाबंधूंची काळजी होती. फरक इतकाच की, पहिल्या प्रसंगी राज्याला परराष्ट्रधोरण हवे होते, दुसऱ्या प्रसंगी फक्त जहाजात भरावयाचा माल. माल गेला.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घटक राज्यांची विधिमंडळे याबाबतीत अधिक मोकळेपणाने वागतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इझ्राएलवर केलेल्या हल्ल्यात सु. १,२०० माणसे मारली गेली व २५१ जणांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतर तेथील अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी इझ्राएलशी ऐक्य व्यक्त करणारे ठराव केले. फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने तर नोव्हेंबर २०२३ मध्ये भरलेल्या विशेष अधिवेशनात हा विषय घेतला. परंतु तेथेही सहवेदना व सत्ता यांच्यातील रेषा न्यायालयाने आखून दिली आहे. ब्रह्मदेशातील लष्करी राजवटीच्या निषेधार्थ मॅसॅचूसेट्स राज्याने १९९६ मध्ये, त्या देशाशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांकडून शासकीय खरेदी करण्यावर बंधने घालणारा कायदा केला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००० मध्ये एकमताने रद्द ठरविला. राज्याने हळहळ व्यक्त करावी, तिजोरीचे कुलूप परराष्ट्रनीतीच्या किल्लीने उघडू अथवा लावू नये, असा या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ.

महाराष्ट्राच्या बाबतीत या विषयाला एक भौगोलिक विशेष आहे, तो सहसा ध्यानात घेतला जात नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी ज्या भागात हल्ला केला, तो राज्याच्या विधिमंडळाचाच परिसर होता. ओबेरॉय-ट्रायडंट हॉटेल आणि १९८१ पासूनचे विधानभवन ही दोन्ही नरिमन पॉइंट येथे, चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. ताजमहाल हॉटेलापासून जवळच, रीगल चौकालगत, जुने कौन्सिल हॉल उभे आहे. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम या नावाने एकोणिसाव्या शतकात बांधलेली ही वास्तू १९२८ पासून मुंबई विधिमंडळाच्या वापरात होती आणि १९८२ पासून तेथे राज्य पोलीस मुख्यालय आहे. मॅजेस्टिक आमदार निवासही त्याच चौकातले. (छाबड हाऊस ज्या इमारतीत होते ते ‘नरिमन हाऊस’ कुलाब्यात आहे, नरिमन पॉइंटला नव्हे, नामसादृश्यामुळे हा घोटाळा परगावच्या लेखनात वारंवार आढळतो.) त्या रात्री ताजमध्ये स्वतः लोकप्रतिनिधीही अडकून पडले होते. लोकसभेचे केरळमधील सदस्य एन. एन. कृष्णदास त्यांत होते, तसेच भारत-युरोप व्यापारविषयक चर्चेसाठी आलेले युरोपीय संसदेचे एक शिष्टमंडळही होते. म्हणजे पुढे ज्या सभागृहांत निषेधाचे शब्द उच्चारले गेले, त्यांपैकी काहींचे सदस्य त्या धुरातून बाहेर पडलेले होते.

या हल्ल्यात १६६ जणांचा मृत्यू झाला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मृत्यू पावलेल्यांत लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहणारे सामान्य प्रवासी बहुसंख्य होते. हॉटेलांत व नरिमन हाऊसमध्ये मृत्यू पावलेल्यांत परदेशी नागरिकांची संख्या मोठी होती. सहा अमेरिकन नागरिक ठार झाले; नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का व अन्य चौघे मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे यास त्याला सांभाळणाऱ्या भारतीय दाईने बाहेर आणून वाचविले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे पोलीस अधिकारी आणि हल्लेखोर कसाब यास गिरगाव चौपाटीवर अखेरपर्यंत धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे यांची नावे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली.

११ डिसेंबर २००८ रोजी लोकसभेने चर्चेअंती हल्ल्याचा निषेध करणारा ठराव एकमताने संमत केला. त्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसनेही निषेधाचे व भारताशी ऐक्याचे ठराव केले. महाराष्ट्रात मात्र या काळात राजकीय उलथापालथ चालू होती : उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांना पदे सोडावी लागली, अशोक चव्हाण यांनी ८ डिसेंबर रोजी सूत्रे हाती घेतली आणि महिन्याच्या अखेरीस राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. बाहेरच्या सभागृहांना केवळ शोक करावयाचा होता. घरच्या सभागृहाला हिशेबही द्यावयाचा होता. सहवेदनेच्या ठरावांचे मूल्यमापन करताना हा भेद विसरता कामा नये. परक्याचे दुःख निर्मळ शब्दांत मांडता येते, कारण त्यात आपल्या चुकीचा भाग नसतो.

विधिमंडळाबाहेर घडलेली एक कृती येथे नोंदविणे आवश्यक आहे. ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांचे दफन आपल्या कबरस्तानात होऊ देणार नाही, अशी भूमिका मुंबईतील मुस्लिम संस्थांनी घेतली. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात पडून राहिले आणि जानेवारी २०१० मध्ये शासनाने त्यांचे गुप्तपणे दफन केले. कोणत्याही सभागृहाच्या ठरावापेक्षा या नकाराने अधिक सांगितले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

इझ्राएल व महाराष्ट्र यांचे नाते केवळ या एका रात्रीचे नाही. कुलाबा (आता रायगड) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर नवगावजवळ आपल्या पूर्वजांची गलबते फुटली, अशी बेने इझ्राएल समाजाची परंपरा आहे. तेलघाणीचा व्यवसाय करणारे व शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मराठी ही त्यांची घरातील भाषा. या समाजाचे ठाण्यातील सिनेगॉग ‘शार हशमायिम’ (स्वर्गद्वार) १८७९ मध्ये बांधले गेले. डॉ. एलिजा मोझेस हे १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. वरळीतील एक प्रमुख रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इझ्राएलमध्ये स्थायिक झाली. तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले व महाराष्ट्र दिन साजरा होऊ लागला. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यातील ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात भारतीय वंशाच्या दोन स्त्री सुरक्षा अधिकारीही मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी २१ नोव्हेंबर रोजी, मुंबईवरील हल्ल्याला पंधरा वर्षे पुरी होत असता, इझ्राएलने लष्कर-ए-तोयबा ही संघटना दहशतवादी म्हणून घोषित केली. तत्पूर्वी जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांनी मोशे यास घेऊन नरिमन हाऊसला भेट दिली होती.

तथापि ठाण्याहून कळवा-मुंब्रा मार्गे शीळफाट्याकडे जाणाऱ्या माणसाला या विषयाची दुसरी बाजूही दिसते. ठाण्यातील सिनेगॉगपासून मुंब्र्याच्या मशिदी फार दूर नाहीत. पश्चिम आशियातील हल्ला-प्रतिहल्ल्यात कोणाच्या मृतांचा उच्चार सभागृहात झाला व कोणाच्या मृतांचा झाला नाही, याकडे या दोन्ही वस्त्यांचे लक्ष असते. परराष्ट्राविषयीचा ठराव हा नेहमीच शेजाऱ्याविषयीचाही ठराव असतो. म्हणून ज्या शोकप्रस्तावांत मृतांचा उल्लेख आधी व शत्रूचा नंतर येतो, ते टिकतात. ज्यांत क्रम उलटा होतो, ते लवकरच प्रचाराच्या रकान्यात जातात.

जुना मुंबई-पुणे रस्ता मुंब्र्याहून येऊन पनवेलकडे वळतो, तेथे कल्याणकडून येणारा व महापेकडे जाणारा असे रस्ते त्यास मिळतात, हाच शीळफाटा. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधील पहलगामजवळ बैसरन खोऱ्यात पर्यटकांवर गोळीबार होऊन २६ जण ठार झाले. त्यांत महाराष्ट्राचे सहा होते : डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे व पनवेलचा एक. डोंबिवली व पनवेल ही दोन्ही शहरे शीळफाट्यावरून फुटणाऱ्या रस्त्यांशी जोडलेली. म्हणजे सहांपैकी चौघांची गावे या एका फाट्याच्या दोन बाजूंना येतात. डोंबिवलीचे तिघेही एकमेकांचे नातलग होते व कुटुंबांसह सहलीला गेले होते. दुसऱ्या दिवशी भागशाळा मैदानात अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या गर्दीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. राज्य मंत्रिमंडळाने पुढे प्रत्येक कुटुंबास ५० लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. यापूर्वी, १३ मार्च २००३ रोजी कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मुलुंडजवळ झालेल्या स्फोटाने याच लोहमार्गावरील प्रवाशांना दहशतवादाची झळ लागली होती. पण घरचा माणूस इतक्या लांब, सुटीच्या दिवसांत, बायकामुलांदेखत मारला जाण्याचा हा अनुभव नवा होता.

या घटनेवर जम्मू व काश्मीर या केंद्रशासित प्रदेशाचे विधिमंडळही बोलले. २८ एप्रिल २०२५ रोजी भरलेल्या विशेष अधिवेशनात त्या विधानसभेने हल्ल्याचा निषेध करणारा ठराव एकमताने संमत केला, आणि मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी भाषणात सर्व मृतांची नावे वाचून दाखविली. त्या यादीत डोंबिवलीकरांची नावे होती, पाहुण्यांना वाचवू पाहणाऱ्या स्थानिक घोडेवाल्याचे नाव होते व एका नेपाळी नागरिकाचेही होते. प्रदेशाच्या सभागृहाने शेजारी राष्ट्राच्या मृत नागरिकाचा आपल्या मृतांबरोबर, वेगळी ओळ न काढता केलेला हा उल्लेख, प्रस्तुत विषयाचे एक चांगले उदाहरण मानावयास हरकत नाही. हे सभागृह स्वतः या दुःखाशी परिचित होते. १ ऑक्टोबर २००१ रोजी श्रीनगर येथील विधानसभा संकुलावर आत्मघातकी हल्ला होऊन ३८ जण मारले गेले होते. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १३ डिसेंबर रोजी, नवी दिल्लीत संसद भवनावर हल्ला झाला.

मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने सर्वपक्षीय सात शिष्टमंडळे तीसहून अधिक देशांच्या राजधान्यांत पाठविली. त्यांपैकी दोहोंचे नेतृत्व महाराष्ट्रातील खासदारांकडे होते : बारामतीच्या सुप्रिया सुळे (ईजिप्त, कतार, इथिओपिया व दक्षिण आफ्रिका) आणि कल्याणचे श्रीकांत शिंदे (संयुक्त अरब अमिराती, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, सिएरा लिओन व लायबीरिया). ज्या मतदारसंघात डोंबिवली व शीळफाटा येतात, त्याच मतदारसंघाचा प्रतिनिधी हे दुःख घेऊन पश्चिम आफ्रिकेच्या सभागृहांत गेला, हा योगायोग असला तरी त्याला अर्थ होता. शिंदे यांच्या शिष्टमंडळात बांसुरी स्वराज, ई. टी. मोहम्मद बशीर, सस्मित पात्रा, एस. एस. अहलुवालिया आदी भिन्न पक्षांचे सदस्य व माजी राजदूत सुजन चिनॉय होते. फ्रीटाउन येथे सिएरा लिओनच्या संसदेच्या सदस्यांनी उभे राहून पहलगामच्या मृतांसाठी मौन पाळले.

या देशांची निवड केवळ भावनेने झाली नव्हती, हे उघड आहे. सिएरा लिओन त्या वेळी (२०२४-२५) संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता. काँगो व लायबीरिया ३ जून २०२५ रोजी, म्हणजे भेटीनंतर थोड्याच दिवसांत, २०२६-२७ साठी त्या परिषदेवर निवडून आले. संयुक्त अरब अमिराती व सिएरा लिओन हे इस्लामी सहकार्य संघटनेचे सदस्य असल्याने त्यांच्या शब्दाला वेगळे वजन होते. राजनयात असा हिशेब दोषास्पद नाही. आणि हिशेब असला म्हणजे दुःख खोटे ठरते असेही नाही. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ व लायबीरियामध्ये १९८९ ते २००३ या काळात, मधल्या अल्प खंडासह, यादवी युद्धे झाली. सशस्त्र टोळ्यांनी गावेच्या गावे उजाड केली. २००० मध्ये सिएरा लिओनमधील कैलाहून येथे बंडखोरांच्या वेढ्यात सापडलेल्या दोनशेहून अधिक भारतीय शांतिसैनिकांची सुटका जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ या मोहिमेने झाली. लायबीरियात २००७ पासून २०१६ पर्यंत भारताच्या महिला पोलिसांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली तैनात होती. फ्रीटाउनच्या सभागृहात जे उभे राहिले त्यांच्यापैकी अनेकांना बंदुकीच्या धाकाखालचे आयुष्य पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. भारतीय संसदेचे अर्थसंकल्पीय अधिवेशन ४ एप्रिल २०२५ रोजी संपले होते आणि पुढील अधिवेशन २१ जुलै रोजी सुरू झाले. विरोधी पक्षांनी मागितलेले विशेष अधिवेशन मधल्या काळात भरले नाही. महाराष्ट्र विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशनही ३० जूनला सुरू झाले. अधिवेशनांचे वेळापत्रक पाहता यात नियमाचा भंग काही नाही. परंतु डोंबिवलीच्या तिघांसाठी मौन पाळण्याचा मान मुंबई व दिल्ली येथील सभागृहांच्या आधी जम्मू व फ्रीटाउन येथील सभागृहांना मिळाला. संसदेत या विषयावरील सविस्तर चर्चा जुलैच्या अखेरीस झाली, आणि ती अपेक्षेप्रमाणे शोकापेक्षा धोरणाची, सुरक्षेतील त्रुटींची व लष्करी कारवाईची चर्चा होती.